वाचायला मोकळे, पण वापरायला?

आपल्या मंडळात संगणकावर पोट भरणारे पुष्कळ. नोकरी सांभाळून रात्री स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिणारेही त्यांत आहेत आणि त्यांच्याकडून एक प्रश्न मला हमखास येतो: प्रोटोकॉलचे नियम तर जाहीर आहेत, मग त्याबरहुकूम प्रोग्राम लिहायला परवानगी कशाची?

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम. इंटरनेटचे असे बरेचसे नियम 'आरएफसी' नावाच्या दस्तऐवजांत सर्वांना फुकट वाचायला मिळतात. त्या मजकुरावर कॉपीराइट असतो. पण कॉपीराइट शब्दांना असतो, पद्धतीला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्येच, जमाखर्चाच्या एका पुस्तकावरून झालेल्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात, हे स्पष्ट केले. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'वरून पुरणपोळी करायला कोणाला विचारावे लागत नाही. 'रुचिरा'ची पाने छापून विकायची तर विचारावे लागते. मात्र नियम वाचण्याऐवजी दुसऱ्याचा तयार कोड उचलला, तर त्याचा परवाना आपल्याला चिकटतो. तो जीपीएल असेल, तर तो कोड घालून केलेला आपला प्रोग्राम वाटताना किंवा विकताना त्याचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो.

खरी मेख आहे पेटंटची. ते शब्दांना नव्हे, पद्धतीलाच असते. एक ओळही नक्कल न करता आपण त्यात सापडू शकतो. १९९८ साली व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला: एक राउटर बंद पडला, की दुसऱ्याने आपोआप त्याची जागा घ्यायची. आपले १९९५ चे पेटंट याला लागू होते, असे सिस्को कंपनीचे म्हणणे होते. ओपनबीएसडी ही फुकट प्रणाली लिहिणाऱ्यांना ते जाचक वाटले. त्यांनी ती वाट सोडून त्याच कामासाठी 'कार्प' हा निराळाच प्रोटोकॉल रचला. पेटंटची मुदत आता संपली आहे, कार्प अजून आहे.

म्हणून आरएफसीबरोबर तिच्यावरची पेटंटची निवेदनेही वाचावीत. आयईटीएफ ही संस्था ती जाहीर ठेवते, पण त्यांतले दावे खरे की खोटे हे ठरवत नाही. 'विनामूल्य परवाना' असे लिहिले असेल तर उत्तम. 'वाजवी अटींवर' असेल, तर वाजवी कोणाच्या हिशेबाने, ते आधी लेखी विचारावे.

आणि हे सगळे करण्यापूर्वी आपल्याच नोकरीचा करार काढून पाहावा. रात्री घरी लिहिलेला कोडही कंपनीचा, असे कलम कित्येक करारांत असते.