घटस्फोटाच्या काळातील मोबाइल

खासगीपण जपण्याचे नेहमीचे सल्ले अनोळखी भामट्याला गृहीत धरून दिलेले असतात. घटस्फोटात गोष्ट उलटी असते. ज्याच्यापासून माहिती राखायची, त्यालाच फोनचा पॅटर्न, ईमेलचा पासवर्ड, सासूचे माहेरचे आडनाव आणि जोडीदाराची पहिली शाळा ठाऊक असते. पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे बहुतेक प्रश्न त्याला सोडवता येतात. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच घरांत नवा फोन आला की एकच जण, बहुधा नवरा, तो ‘सेट करून’ देतो. सिमकार्ड त्याच्या नावावर, जीमेलचा रिकव्हरी नंबर त्याचा, फोटोंचा बॅकअप त्याच्या खात्यात. संसार चालू असताना ही सोय असते. वेगळे राहायला लागल्यावर तीच पाळत होते, आणि त्यासाठी समोरच्याला मुद्दाम काही करावेही लागत नाही. त्याच्या टॅबवर फोटो आपसूक येऊन पडतात.

आवराआवर सिमपासून करावी लागते. कार्ड ज्याच्या नावावर, नंबर कायद्याने त्याचा. तो दुकानात जाऊन डुप्लिकेट सिम काढू शकतो आणि त्यानंतरचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून आधी स्वतःच्या कागदपत्रांवर घेतलेला नंबर, मग तो आधार, बँक आणि पॅनच्या खात्यांना जोडणे, त्यानंतर नवा ईमेल, आणि शेवटी समाजमाध्यमे. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. रागाच्या भरात फेसबुकवर ब्लॉक करतात आणि ज्या ईमेलवरून फेसबुकचा पासवर्ड बदलता येतो, तो तसाच उघडा राहतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडले की घरच्या लॅपटॉपवर कधीकाळी स्कॅन करून ठेवलेले सत्र अजून चालू असल्याचे अनेकदा दिसते. ते बंद करून दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावला की तो दरवाजा बंद होतो. गुगल खात्यात जोडलेल्या उपकरणांची यादी असते, मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग असते, फोटोंमध्ये जोडीदाराला आपोआप प्रती पाठवण्याची सोय असते. याहून जास्त बोलतात त्या साध्या गोष्टी. गाडीच्या फास्टॅगचा टोल कापल्याचा मेसेज नवऱ्याच्या नंबरवर जातो आणि बायको माहेरी कोणत्या दिवशी, किती वाजता निघाली हे खालापूरच्या नाक्यावरून त्याला कळते. जेवण मागवायच्या ॲपमध्ये नवा पत्ता जतन होतो. ओटीटीच्या खात्यात रात्री दोन वाजता कोण जागे होते, तेही दिसते.

स्वतःची खाती बंद करणे हा हक्क आहे. समोरच्याची उघडणे हा गुन्हा ठरू शकतो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि लग्न झालेले आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. गुप्तहेराला पैसे देऊन कॉलचे तपशील मिळवण्याची वाटही तितकीच धोक्याची. 2018 साली ठाणे पोलिसांनी असे तपशील बेकायदा विकणाऱ्यांचे जाळे पकडले, तेव्हा खासगी गुप्तहेरही त्यात सापडले होते.

आता पोस्टविषयी. कायद्याने वैवाहिक खटल्याला बऱ्यापैकी आडोसा दिलेला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे कामकाज बंद दालनात चालते आणि त्याचा तपशील छापणे किंवा प्रसिद्ध करणे दंडनीय आहे; दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंतच, म्हणजे आजच्या हिशेबाने नाममात्र. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 खाली दोघांपैकी एकाने मागणी केली तरी दालन बंद करावे लागते. न्यायाधीश दार लावून घेतात, आणि पक्षकार तारखेहून बाहेर पडता पडता बांद्र्याच्या किंवा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारातूनच स्टेटस टाकतात. ‘काही लोकांचे मुखवटे आज गळून पडले’ या ओळीत कोणाचे नाव नसते, पण दोन्हीकडच्या दोनशे नातेवाइकांना ते कळते. असे स्टेटस चोवीस तासांत मावळते. त्याचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे पोहोचलेला असतो, आणि तो पोहोचवणारा बहुतेक वेळा दोघांचा सामाईक मित्र किंवा चुलत नणंद असते. त्यामुळे ‘फक्त मित्रांसाठी’ या मर्यादेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

अशा मजकुराचा उपयोग क्रौर्याचा मुद्दा मांडताना होतो. जोडीदारावर किंवा त्याच्या नातेवाइकांवर निराधार, अब्रुनुकसानीचे आरोप करणे हे मानसिक क्रौर्य ठरू शकते आणि त्यासाठी दोघे एका छपराखाली राहत असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मधल्या एका निकालात सांगितले आहे. तेव्हा मुद्दा तक्रारी आणि बातम्यांचा होता. तोच तर्क समाजमाध्यमावरच्या पोस्टला लावायला वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

पोटगीच्या अर्जात फोटोंचा वापर वेगळा होतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र देणे बंधनकारक केले. शपथपत्रात ‘सध्या बेकार’ लिहिलेल्या माणसाचे लिंक्डइनवरचे पद तसेच असते, किंवा ‘कोणतेही उत्पन्न नाही’ म्हणणारीचा केकचा कॅटलॉग व्हॉट्सॲप बिझनेसवर दरासकट दिसतो. नुसत्या फोटोवरून कोणी पोटगीचा आकडा ठरवत नाही. बालीचे तिकीट भावाने काढलेले असू शकते आणि गाडी मित्राची असू शकते. पण फोटोमुळे बँकेचे उतारे आणि क्रेडिट कार्डाची बिले मागायला निमित्त मिळते, आणि शपथपत्रातल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

स्क्रीनशॉटपासून निशाणीपर्यंतचा, म्हणजे न्यायालयाने नोंदलेल्या पुराव्यापर्यंतचा, प्रवास पक्षकारांना वाटतो तितका सोपा नाही. वकिलाच्या टेबलावर येतात ते कापलेले, एकमेकांशी न जुळणारे चाळीस-पन्नास तुकडे. एकावर तारीख नाही, एकावर वरचा मेसेज अर्धवट, आणि समोरच्याचे नाव ‘हिटलर’ असे सेव्ह केलेले, त्यामुळे नंबरच दिसत नाही. मग काम पहिल्यापासून करावे लागते. संपूर्ण चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून घेतला जातो, संपर्काच्या पानाचा नंबरासह वेगळा स्क्रीनशॉट काढला जातो, छापील प्रतींवर पानांचे आकडे पडतात, व्हॉइस मेसेज ऐकून शब्दशः उतरवले जातात. यात स्वतःच्या शिव्यांची पानेही येतात. ती वगळली तर विरुद्ध बाजू तीच पाने घेऊन उलटतपासणीला उभी राहते.

यानंतर या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली ते दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग पक्षकाराने भरायचा. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक, इतकेच काय फोनचा रंगही विचारलेला आहे. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. ही फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख असते. एसएचए-256 पद्धतीत ती चौसष्ट अक्षर-आकड्यांची होते, आणि चॅटमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पार वेगळी येते. पूर्वीच्या कायद्यात हेच काम 65ब च्या प्रमाणपत्राने होई. ते प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्णायक निकाल महाराष्ट्रातल्या एका निवडणुकीतून आला, ही गंमत वकिलांनाच माहीत असते. 2014 साली जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध 296 मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतीला प्रमाणपत्र हवेच. मात्र मूळ उपकरणच हजर करून मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. म्हणून भांडणाचे मेसेज असलेला जुना फोन, त्याची काच फुटलेली असली तरी, एक्स्चेंजमध्ये देऊ नये.

चोरून केलेल्या रेकॉर्डिंगचा प्रश्न बरोबर पाच वर्षांनी, 14 जुलै 2025 रोजी सुटला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये सांगितले होते, त्यामुळे नवऱ्याने बायकोचे बोलणे नकळत टेप केले तर ते न्यायालयात चालणार नाही, असे अनेकांना वाटत होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तसे म्हटलेही होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पतिपत्नींमधल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे, पण दोघांमधल्याच खटल्याला त्यातून अपवाद आहे, आणि एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली म्हणजे विश्वास आधीच संपलेला असतो, असा त्यामागचा विचार. व्यवहारात याचा अर्थ एकच. वेगळे झाल्यानंतरचा प्रत्येक फोन नोंदला जातो आहे असे धरून बोलायचे. हा निकाल स्वतः भाग घेतलेल्या संभाषणापुरता पाहावा. जोडीदाराच्या फोनमध्ये हेरगिरीचे ॲप टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

एवढे ऐकल्यावर हात ‘डिलीट’कडे जातो. तो आवरावा लागतो, कारण प्रत दुसऱ्या फोनमध्ये असतेच, आणि पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे येऊ नये म्हणून नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. दडवलेली गोष्ट दडवणाऱ्याच्या विरुद्ध होती, असा तर्कही न्यायालय काढू शकते. आपोआप नाहीसे होणारे मेसेज सुरू केले तर तशी ओळ चॅटमध्ये समोरच्याला दिसते. जुन्या पोस्ट काढण्यापेक्षा खाते काही महिने निष्क्रिय ठेवणे बरे. मजकूर राहतो, दिसत मात्र नाही.

मुलांच्या बाबतीत सगळे नियम अधिक कडक धरावेत. ताब्याचा वाद चालू असताना गणवेशातला फोटो टाकला की शाळा कळते, वाढदिवसाचा टाकला की सोसायटी कळते. आईबाबांच्या भांडणाची मीम्स मुलाच्या वर्गमैत्रिणीच्या घरीही पोहोचतात. शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये दोघांनीही राहावे. एकाने दुसऱ्याला त्यातून काढायला लावले तर तीही तक्रार न्यायाधीशांसमोर येते. मुलाच्या भेटीच्या वेळा ठरवायला समुपदेशक अनेकदा वेगळा ईमेल सुचवतात. ईमेलमध्ये निळ्या टिका नसतात, त्यामुळे ‘वाचून उत्तर दिले नाही’ या भांडणाला जागा राहत नाही.

परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल तर संमतीच्या अटींमध्ये हे सगळे लिहून घेता येते. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधला सहा महिन्यांचा काळ 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही परिस्थितीत माफ होऊ शकतो, त्यामुळे अटी घाईत टाइप होतात आणि ‘दोघेही समाजमाध्यमांवर एकमेकांची बदनामी करणार नाहीत’ एवढ्यावर काम भागवले जाते. लग्नाच्या व्हिडिओची हार्ड डिस्क कोणाकडे राहील, कोणत्या खात्यावरचे एकत्र फोटो कोणत्या तारखेपर्यंत उतरतील, मुलांचे फोटो कोण टाकू शकेल, सामाईक क्लाउडमधले मुलाचे लहानपणचे फोटो दोघांना मिळाल्यावर ते खाते कोण बंद करेल, हे नावानिशी लिहिले असेल तर अट मोडल्याचे न्यायालयात दाखवता येते.