बंदुकीमागची चूल

माझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत असे. हजेरीपटावर नाव मात्र वडिलांचे लागे आणि दोघांची मजुरी त्यांच्याच अंगठ्यावर मिळे. या बाईने काम केले याला पुरावा काय, असे पुढे कोणी विचारले असते तर तळहातावरच्या घट्ट्यांखेरीज दाखवायला तिच्यापाशी काही नव्हते. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा शिकवण्यासाठी वाचन करताना तिथल्या निवृत्तिवेतनाची हकीकत वाचली आणि तो हजेरीपट डोळ्यांपुढे उभा राहिला.

इंग्रजी सत्तेविरुद्ध आयर्लंडचे सशस्त्र युद्ध २१ जानेवारी १९१९ ते ११ जुलै १९२१ असे चालले. आपल्या पाठ्यपुस्तकांत डी व्हॅलेरा भेटतात, मायकेल कॉलिन्स भेटतात. जास्त वाचणाऱ्याला टॉम बॅरीची फिरती तुकडी भेटते. १९२० च्या उत्तरार्धापासून अशा तुकड्या दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात हिंडू लागल्या. त्यांना छावणी नव्हती, कोठार नव्हते, पगार नव्हता. मग प्रश्न असा, की ही माणसे जेवत कुठे होती? निजत कुठे होती? मार्च १९२१ मध्ये क्रॉसबॅरीच्या लढाईत बॅरीबरोबर सुमारे शंभर माणसे होती. शंभर माणसांचे एक वेळचे जेवण म्हणजे काय, हे ज्याच्या घरच्या बाईने लग्नघरी रांधले आहे त्याला सांगावे लागत नाही.

उत्तर शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांत आहे. एका वाडीत तुकडी आली की ती चार-सहा घरांत वाटली जाई. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विस्तवावर बायका रात्री-अपरात्री पाव भाजत, बटाटे उकडत, चहा ठेवीत. घरातली अंथरुणे पाहुण्यांना जात. भिजलेले कपडे विस्तवाशी वाळत टाकावे लागत. आठवडेच्या आठवडे अंगावरचे कपडे न बदलल्याने तुकड्यांत खरजेचा उपद्रव फार होता. ते कपडे धुणे हे काम कोणाच्या वाट्याला आले असेल हे उघड आहे. कोंबड्या आणि अंडी हा आयरिश शेतकरी बाईच्या हाती येणारा थोडा स्वतःचा पैसा. पाहुण्यांच्या ताटात वाढलेले अंडे त्या पैशातून वजा होत असे.

या कामाला संघटना होती. ‘कुमन ना मान’, म्हणजे स्त्रियांचा संघ, डब्लिनमध्ये एप्रिल १९१४ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याच्या शाखा खेडोपाडी पोचल्या. लेस्ली प्राइससारख्या कार्यकर्त्या गावोगाव हिंडून त्या बांधीत. शाखेतल्या मुली प्रथमोपचार शिकत, नाच-गाण्याचे कार्यक्रम करून पैसा उभा करीत, तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना तो पोचवीत. हल्ल्याआधी हत्यारे ठिकाणावर नेणे आणि हल्ल्यानंतर ती लपवणे हे काम पुष्कळदा त्यांच्याकडे असे. निरोपाच्या चिठ्ठ्या कपड्यांत नाहीतर केसांत दडवून या घरातून त्या घरात जात. कॉर्क परगण्यात मॅलोच्या पोस्टात नोकरी करणारी शिवॉन क्रीडन तर तिथे हाती लागलेली सरकारी माहिती लढवय्यांना पोचवीत असे. पुष्कळ बायका मात्र कोणत्याही शाखेच्या सभासद नव्हत्या. दाराला कडी लावली नाही, एवढेच त्यांचे सभासदत्व.

याची किंमत त्यांनी मोजली. डिसेंबर १९२० मध्ये दक्षिणेत लष्करी कायदा लागू झाला आणि लगोलग मिडल्टन गावी ‘अधिकृत’ सूड घेण्यात आला. घरे जाळण्यापूर्वी रहिवाशांना तासाभराची मुदत होती. मौल्यवान वस्तू नेता येत, घरातले सामान नेता येत नव्हते. सरकारी हुकमाविना जाळपोळ तर आधीपासून चालूच होती. सहकारी दूध-लोणी केंद्रे जाळली गेली. तिथे दूध घालणाऱ्या घरांची चूल त्याबरोबर विझली. १ नोव्हेंबर १९२० रोजी गॉलवे परगण्यात आयलीन क्विन ही गरोदर स्त्री आपल्या घरापुढे मूल घेऊन बसली असता रस्त्याने जाणाऱ्या पोलिसी लॉरीतून झाडलेल्या गोळीने मेली. रात्री घरात घुसून बायकांचे केस कापण्याचे प्रकारही झाले.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. केस कापणारे हात दोन्ही बाजूंचे होते. शिपायांशी बोलते-चालते या संशयावरून लढवय्यांनीही मुलींचे केस कापले. शिवाय मध्यरात्री बंदूकधारी दारात उभे राहिल्यावर ‘आमच्याकडे पीठ नाही’ असे म्हणण्याची मुभा मजुराच्या बायकोला कितपत होती? साऱ्या आदरातिथ्याला देशभक्तीचे नाव देऊन मोकळे होणे हाही त्या बाईवर अन्यायच आहे. तिची खुशी आणि तिची भीती, दोन्ही इतिहासात यायला हवीत.

युद्ध संपले. करारावर मत देण्याची वेळ आली तेव्हा ५ फेब्रुवारी १९२२ रोजी कुमन ना मानने तो ४१९ विरुद्ध ६३ मतांनी नाकारला. या बायकांना स्वतःचे राजकीय मत होते याला याहून वेगळा पुरावा नको. परंतु १९२४ च्या लष्करी निवृत्तिवेतन कायद्यात त्यांना जागा नव्हती. १९१६ च्या उठावात गोळ्या खाल्लेल्या मार्गारेट स्किनिडर या शिक्षिकेचा अर्ज १९२५ मध्ये नाकारला गेला. कारण काय, तर कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द पुरुषवाचक. तिला निवृत्तिवेतन मिळायला १९३८ उजाडले.

१९३४ च्या नव्या कायद्याने दार थोडे उघडले. पण अर्जदाराने ‘प्रत्यक्ष सेवा’ सिद्ध करावी लागे आणि त्या भागातल्या माजी पुरुष अधिकाऱ्यांचा दाखला मोलाचा ठरे. हत्यार वाहिले हे सेवेत बसू शके. दोन वर्षे पाव भाजला हे बसणे कठीण. कारण रांधणे, धुणे हे बाई एरवीही करतेच! ज्या कामावाचून तुकडी आठ दिवस टिकली नसती, ते काम चुलीपाशी झाले म्हणून काम राहिले नाही. वेतन मंजूर झालेल्या बहुतेक स्त्रियांना सर्वांत खालच्या श्रेणी मिळाल्या. पुढे १९३७ च्या राज्यघटनेने स्त्रीच्या घरातील जीवनाचा गौरव करणारे कलम घातले, आणि सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागण्याचा नियम १९७३ पर्यंत चालला. घरातल्या कामाचा गौरव करायचा आणि त्याचा हिशेब मात्र ठेवायचा नाही, ही रीत आपल्या ओळखीची आहे. ते कलम बदलण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला, तो प्रस्तावित मजकुराबद्दलच्या मतभेदांमुळेही. कलम अजून कायम आहे.

तरीही या अर्जांनी एक काम केले. स्वतःची सेवा सिद्ध करण्यासाठी बायकांना सारे लिहावे लागले: कोणत्या घरात, किती दिवस, किती माणसे. २०१४ पासून ही कागदपत्रे टप्प्याटप्प्याने खुली झाली. ज्या फायलींत त्यांची सेवा अपुरी ठरवली गेली, त्याच फायली आज त्यांच्या बाजूने साक्ष देत आहेत.

आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. ते काम पुरे झालेले नाही. आमच्या घरीही कार्यकर्ते येत. ओट्यावर चर्चा चाले, मी वडिलांशेजारी बसून ती ऐकत असे. आत पीठ कोणाकडून उसने आणले गेले हे मी कधी विचारले नाही. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: मुलाखतीला जाल तेव्हा ‘चळवळीत तुमचा सहभाग काय’ असे बाईला विचारू नका. ती ‘काही नाही’ म्हणेल. किती माणसे जेवत होती, पीठ कोठून आणले, त्या दिवशी तुम्ही काय खाल्ले, हे विचारा आणि तिने सांगितलेला आकडा लिहून घ्या.