बाळाचा कोपरा

घरात बाळ येणार म्हटलं की पाळणा रंगवायचा, चिमणाळं टांगायचं, मऊ उशा शिवायच्या, अशी लगबग सुरू होते. वेगळी खोली नसली तरी बिघडत नाही, एक कोपरा पुरतो. पण तिथे काय आणायचं यापेक्षा काय नको, हे आम्ही आधी सांगतो.

जागा कोरडी, उजेडाची आणि चुलीच्या धुरापासून लांब असावी. गादी सपाट आणि घट्ट हवी. वर्षभर बाळाला पाठीवरच झोपवा. उशी, जाड गोधडी, कापडी बाहुल्या अंथरुणात नकोत. तोंडावर आल्या तर तान्ह्याला त्या बाजूला सारता येत नाहीत, श्वास कोंडतो. साडीच्या झोळीतही मान छातीकडे झुकते, म्हणून तिथे बाळाला एकटं सोडू नका.

आजी म्हणतील, डोक्याला आकार यायला मोहरीची उशी हवीच. त्यांना सांगा, बाळ जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घालू. आकार त्यानेही येतो.

जुन्या पाळण्याचा रंग गरोदरपणी खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग एवढीच आहे. नवा रंग घेताना डबा वाचून घ्या.

बाळ हात मारू लागलं की चिमणाळं काढा, दोरी गळ्याला अडकते. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. पाजताना आईचा चेहरा तेवढ्यावरच असतो. त्याहून वेगळी सजावट त्याला लागत नाही.