शिवरात्रीचा दुसरा पेला

आज महाशिवरात्र. नळगंगेच्या काठी वसलेले आमचे मलकापूर पहाटेपासून जागे आहे. पिंडीवर बेल, पांढरी फुले आणि धोतऱ्याचे फळ वाहून भाविक उपवासाने दिवस काढतील. रात्रीच्या जागरणात कोठे कोठे थंडाईच्या पेल्यात भांगेची गोळीही उतरेल. हे सर्वांस ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नाही. त्याविषयी सणाच्या दिवशीच बोलावे असे आम्हांस वाटते, कारण या मौनातून होणारे अपाय बहुतांशी टाळता येण्याजोगे असतात.

भांगेचा प्रश्न नवा नाही. १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत आपल्या वऱ्हाडातील साक्षीही होत्या. मर्यादित सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिरेक मात्र शरीर व मन दोन्ही नासवितो, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात निघाला. आजचा कायदा पाहावा, तर १९८५ च्या केंद्रीय कायद्यात गांजा व चरस येतात, नुसत्या पानांची भांग येत नाही. तथापि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये महाराष्ट्रात परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हाच आहे. न पिणे हे सर्वांत श्रेयस्कर, यात शंका नाही. परंतु जो पिणारच, त्याचा जीव धोक्यात पडावा असे कोणता कायदा म्हणेल?

खरा घात करतो तो दुसरा पेला. भांगेतील मादक द्रव्य पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळते. म्हणून ती दूध-तुपाबरोबर घेतात. पोटात गेलेली भांग यकृतातून जाताना अधिक तीव्र रूप धारण करते. या क्रियेस अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात पिणारा म्हणतो, ‘काहीच चढली नाही,’ आणि दुसरा पेला घेतो. मग दोहोंचा अंमल एकदम येतो व सहा-आठ तास, क्वचित त्याहून अधिक टिकतो. गोळीत भांग किती, हे तर बनविणारासही नेमके सांगता येत नाही. उपाशी पोटी अंमल लवकर चढतो. तेव्हा थोडक्यावर थांबावे, दुसरा पेला घेऊच नये आणि वर मद्य तर मुळीच नको.

हृदयविकार असलेले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, मनोविकाराचा इतिहास असलेल्या घरातील मंडळी आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी भांगेस शिवूही नये. भांगेने नाडी जलद होते. कोवळ्या वयात मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. साध्या थंडाईचे भांडे वेगळे ठेवावे. गोड म्हणून लेकरू नको तो पेला उचलते. कोणास नकळत भांग पाजणे ही थट्टा नव्हे, अपराध आहे. आपल्या गावावरून राष्ट्रीय महामार्ग जातो. त्या रात्री पिणाऱ्याने वाहनाची किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, विहिरी-नदीकडेही फिरकू नये.

धोतऱ्याविषयी तर निक्षून सांगतो. आयुर्वेदाने भांग व धोतरा दोन्ही उपविषांत गणले आहेत. पण धोतऱ्याचे बी अधिक घातक. ते देवास वाहण्यासाठी आहे, वाटण्यासाठी नव्हे. नशा वाढावी म्हणून ते भांगेत मिसळल्यास तोंडास कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, भ्रम होतो आणि प्राणही जातो.

कोणी घाबरले, बरळू लागले, तर त्यास शांत जागी बसवून धीर द्यावा. गुंगीत असलेल्यास लिंबू, लोणचे, ताक पाजू नये, ओकारी काढू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यास कुशीवर निजवावे. जागे होईना, श्वास मंदावला, छातीत दुखू लागले, झटके आले किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेली, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काय घेतले, किती व केव्हा घेतले, हे डॉक्टरांपासून लपवू नये. लाजेने गेलेली घटका परत येत नाही. रोजचीच ओढ लागली असेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

नीलकंठाने हलाहल कंठात धरले ते जगाच्या रक्षणासाठी. आपणांस तेवढे सामर्थ्य नाही. पण आजच्या जागरणात प्रत्येक मेळ्यातील एकाने तरी पेल्यास हात न लावता शुद्धीवर राहावे आणि सोबत्यांस सुखरूप घरी पोचवावे. शिवरात्रीचे जागरण याहून अधिक सार्थकी लागेल, असे आम्हांस वाटत नाही.