वाघिणीचे वाली

लहानपणी पिंपळगाव राजाच्या आमच्या ओसरीवर आबांच्या गोष्टी ऐकताना एक वाक्य मला नेहमी कोड्यात टाकी. आबा म्हणत, "खामगावले आम्ही वाघिणी भरत होतो." वाघीण भरायची म्हणजे काय, आणि भरताना ती गप्प कशी बसते, हे मला कळत नसे. शेवटी धीर करून विचारले, तेव्हा आबा खो खो हसले. "अरे, थे जंगलातली नोय, रुयावरची होय!" इंग्रजांच्या 'वॅगन'ला आपल्या लोकांनी केव्हाच वाघीण करून टाकले होते. मालगाडीच्या डब्याला मराठीत आजही हाच शब्द आहे.

आबा तरुणपणी हंगामात खामगावला हमालीला जात. रुईची एक गाठ सुमारे 170 किलोची. लोखंडी आकडा रुतवून ती ओढायची, फळीवरून लोटायची आणि वाघिणीत रचायची. ह्या लेखाचा विषय तीच वाघीण आहे. इंजिनाचे कौतुक सारेच करतात, वाघिणीचे कोणी करीत नाही. वऱ्हाडच्या मुलाने तरी ते करावे, असे मला वाटते.

कारण वऱ्हाडात रेल्वे आली ती मुख्यतः मालासाठी. जलंब ते खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा 1870 साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर असा सुमारे 190 किलोमीटरचा छोटा मार्ग झाला. लोकांची लाडकी 'शकुंतला' ती हीच. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव ह्या भागांतला कापूस तिने मूर्तिजापूरला आणावा, तिथून तो मोठ्या गाडीने मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरला जावा, अशी ती व्यवस्था होती. शकुंतलेचे रूळ 2 फूट 6 इंच अंतराचे, तर मोठ्या गाडीचे साडेपाच फूट अंतराचे. त्यामुळे छोट्या वाघिणीतली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावी लागे. पुढे मालमोटारी दारापर्यंत येऊ लागल्यावर हा दुहेरी हमालीचा खर्च छोट्या गाडीला जड जाणे स्वाभाविकच होते.

वाघीण म्हणजे चाकांवरची नुसती पेटी, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण घ्या. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्याने असा विचार केला की, इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडता कामा नये. मग हलके व स्वस्त रूळही पुरतात आणि वाघिणीत मात्र भरपूर माल मावतो. त्यासाठी त्याने पोलादी पत्रे दाबून घडवलेल्या सांगाड्याच्या वाघिणी करवून घेतल्या. गरीब मुलखात रेल्वे परवडली ती अशा हिशेबामुळे. आज बार्शीचा तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

शकुंतलेचे 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पुढे डिझेलवर चालणारी गाडीही बंद पडली. इंजिनाची छायाचित्रे घरोघर आहेत, परंतु ज्यांच्यासाठी ते इंजिन आणले, त्या वाघिणींचे छायाचित्र मला अद्याप कोणाच्या घरी दिसलेले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका लहान स्थानकाबाहेर अशी एक वाघीण मी पाहिली. आबा बरोबर होते. बाभळीची झुडपे तिच्या चाकांतून वर आली होती, फळ्या कुजल्या होत्या. आबांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि ते आपणहून सांगू लागले. गाठी आधी दोन्ही टोकांना रचायच्या, दारासमोरची जागा शेवटी भरायची. भार एका अंगाला गेला तर त्या बाजूचा आस तापतो. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

परदेशात अशा वाघिणींना वाली मिळाले आहेत. वेल्समधील टॅलिलिन ही पाटीच्या दगडाची छोटी रेल्वे बंद पडणार, असे दिसताच 1951 साली स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगातला असा तो पहिलाच प्रयोग. तिथलीच वेल्शपूल-लानव्हेअर रेल्वे आपल्या शकुंतलेच्याच मापाची, 2 फूट 6 इंचांची. 1931 साली तिच्या उतारूगाड्या थांबल्या आणि 1956 पर्यंत ती केवळ मालावर जगली. पुढे हौशी मंडळींनी 1963 साली ती पुन्हा सुरू केली. फेस्टिनिऑग रेल्वेवर तर दगड वाहणाऱ्या जुन्या वाघिणींची माळ इंजिनाशिवाय नुसत्या उतारावरून सोडून दाखवतात. ब्रेक सांभाळायला त्या वाघिणींवर माणसे बसलेली असतात.

ही मंडळी काम कसे करतात? प्रथम वाघिणीचे मोजमाप घेऊन छायाचित्रे काढतात. मग रंगाचे थर हळूहळू खरवडतात, कारण खालच्या थरात जुना क्रमांक, रिकाम्या वाघिणीचे वजन आणि भरायची मर्यादा लिहिलेली सापडते. कुजलेल्या फळ्या फेकून न देता नव्या फळ्यांसाठी नमुना म्हणून ठेवतात. गंजलेले रिव्हेट तोडून त्या जागी लालबुंद तापवलेले नवे रिव्हेट ठोकतात. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरतो. आसाच्या टोकाशी तेलाची पेटी असते. तिच्यातले पितळी बेअरिंग आणि तेल शोषून धरणारी गादी बदलतात, नाहीतर चालत्या गाडीत आस तापून मोडायचा. आसाला आतून तडा गेला आहे काय, हे तज्ज्ञाकडून तपासून घेतात. शेवटी हातब्रेकचा दांडा आणि रंग. काम करणाऱ्यांत शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे सगळे असतात, आणि त्यांना शिकवायला निवृत्त कामगार असतात. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

कोणी म्हणेल, इथे लोकांना ब्रॉडगेज हवी आहे आणि तुम्हाला भंगाराचे प्रेम! मलाही ब्रॉडगेज हवीच आहे. रोज कॉलेजला एसटीने लोंबकळत येणाऱ्याला गाडीचे मोल सांगावे लागत नाही. पण नवे रूळ टाकताना एका स्थानकात छोट्या रुळांचा एखादा तुकडा आणि त्यावर दोन वाघिणी राहिल्या, तर कोणाचे काय बिघडणार आहे? नागपूरला मोतीबागेत 2002 साली नॅरोगेजचे संग्रहालय झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या गावातून कापूस गेला, त्या गावालाही काही आठवण नको काय?

श्रमदान आपल्याला नवीन नाही. खराट्याने गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांचे शेंडगाव ह्याच अंजनगावच्या परिसरातले. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण बांध घालतो, रस्ते साफ करतो. रेल्वेची रीतसर परवानगी घेऊन एखाद्या वर्षी दहा दिवस एका वाघिणीचा गंज खरवडला, तर ते काम त्याहून कमी प्रतीचे ठरणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हमालांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शब्द टिपावेत. प्राध्यापक मंडळींनी ह्याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

फळ्या पुन्हा बसवता येतील, रिव्हेट पुन्हा ठोकता येतील. पण गाठ कोणत्या टोकापासून रचायची, हे सांगणारे आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. घाई आहे ती त्यासाठी.