उतारावरचा जमाखर्च

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द आले की आपण हळहळतो आणि पान उलटतो. वीज पडावी तसा ब्रेक निकामी झाला, दैवापुढे इलाज काय! पण यंत्राला दैव नसते. त्याला फक्त हिशेब असतो.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. आधी चर्चा झाली ती ब्रेक निकामी झाल्याची. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पुढे आले. डिझेल वाचवण्याची ही जुनी युक्ती. ती जिवावर का बेतते?

ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. वीस टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली उतरला, म्हणजे साधारण खंडाळ्याहून खोपोलीला आला, तर त्यातून निघणारी ऊर्जा तीनशे लिटर पाणी उकळायला पुरेल. हा बंब चाकांतल्या ब्रेक-ड्रममध्ये पेटतो. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरतो. अति तापलेल्या लायनरची पकडही सुटते. मग पाय जितका दाबावा तितका ब्रेक कमी लागतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा भार इंजिन उचलते. म्हणूनच जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

मोटारीत पायाचा दाब चाकापर्यंत नेते ते ब्रेक-ऑइल. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. सारी मेख इथेच आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. तेल उकळले की पेडल पोकळ होऊन खाली जाते.

ट्रकला लागते ती हवा, आणि तिचा व्यवहार बँकेतल्या खात्यासारखा आहे. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवेचा भरणा करतो, ब्रेकचा प्रत्येक दाब ती काढून घेतो. इंजिन बंद म्हणजे भरणा बंद, आणि उतारावर तर उचल सर्वांत जास्त! हवा फार कमी झाली की चाक आवळणारी स्प्रिंग अनेक ट्रकांत असते. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७० च्या दशकात रेल्वेच्या ब्रेकमध्ये आणले. पण स्प्रिंग लावते तीही तेच लायनर, त्याच तापलेल्या ड्रमवर.

आणि या साऱ्यात बचत किती? गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर आजचे डिझेल इंजिन इंधन घेणेच थांबवते. म्हणजे ज्या उतारावर ब्रेक दाबावाच लागतो, तिथे इंजिन बंद करून वाचते ते शून्य.

बँकेच्या नोकरीत वाहनकर्जाच्या पुष्कळ फायली मी हाताळल्या. चॅसिस क्रमांक, विमा, हप्ते, डिझेलचा खर्च, टायर, सारे त्यांत असे. लायनर किती झिजला, याला रकाना नव्हता. मालकही खेपेचा हिशेब डिझेलवरच मांडतो, आणि उरलेल्या लिटरसाठी चालकाला शाबासकी मिळते. चालक हा हिशेब शिकतो तो वरूनच.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘ब्रेक निकामी’ असे वाचाल, तेव्हा पान उलटण्याआधी तीन प्रश्न विचारा. गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? लायनर शेवटचा कधी बदलला होता? आणि डिझेल कमी जाळण्याची ताकीद चालकाला कोणी दिली होती? दंडाची पावती चालकाच्या नावाने फाटते. उत्तरे मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच टेबलावर असतात.