पळणं थांबलं, तरी सोडायचं नाही

आमच्या वस्तीतल्या आम्ही आठ-दहा जणी पहाटे साडेपाचला मैदानावर पळायला जातो. स्पर्धेसाठी नाही, पदकासाठी नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि आपल्या घरचं पाणी भरणं. त्यात हा अर्धा तासच काय तो आमचा. म्हणून दुखणं आलं तरी तो सोडवत नाही. चूक इथंच झाली.

आमच्यातल्या एकीच्या नडगीवर एका जागी कळ यायची. ती फडकं बांधून पळत राहिली. आमच्यात नर्सिंग शिकलेल्या असूनही आम्ही म्हणालो, "अंग तापलं की जाईल." पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. पुढे हाडाला बारीक तडा निघाला. दोन महिने काम बंद, आणि दोन घरची कामं कायमची गेली. हे कुणावर येऊ नये, म्हणून लिहितो आहोत.

दुखणं ओळखायला शिका. पोटऱ्या, मांड्या दोन्ही पायांना सारख्या भरून येतात आणि दोन दिवसांत मोकळ्या होतात, त्याची भीती नको. पण हाडावर बोट ठेवताच एकाच जागी कळ येते, रात्री ठणकतं, सूज दिसते, पाय लंगडतो, तर पळणं त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत न दिसणं शक्य असतं. कळ राहिली तर पुन्हा दाखवा.

दुसरी एक जण दोन फेऱ्यांतच धापा टाकायची. वय झालं, असं तिला वाटलं. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.५. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हे घरोघरचं दुखणं आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, आशाताईंना विचारा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, जेवणानंतर तासभर चहा टाळा, ताटात लिंबू असू द्या. रक्त भरलं तरी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालू ठेवा. तोवर पळू नका, झेपेल तेवढं चाला.

अंगात ताप असेल तर मैदानावर येऊच नका. तापात पळण्याचा ताण हृदयावर येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा आणि घरी आल्यावर तळपाय बघा, छोटी जखमही अंगावर काढू नका. बीपी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथंच बसा आणि सोबतच्यांनी १०८ ला फोन करावा.

परतताना घाई नको. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि अर्धा तास न दुखता चालता आलं, की मगच सुरुवात. दहा मिनिटं चाला. मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं सहा वेळा. एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढे वाढवा. दुखलं तर एक पायरी मागे या. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. तळ झिजलेले बूट आणि चपला पळायला नकोत.

नडगीवाली आमची मैत्रीण आता पुन्हा येते. एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते. पळता येत नव्हतं तेव्हाही, चालायची परवानगी मिळताच ती पहाटे येऊन कट्ट्यावर बसायची, आमच्या फेऱ्या मोजायची. ती परत आली ती त्यामुळेच, असं आम्हाला वाटतं. तुमच्यातली एखादी थांबली असेल, तर तिला पळ म्हणू नका. पण पहाटे निघताना तिच्या दारावर हाक जरूर द्या.